घड्याळ चुकलं तरी चालेल, उडी नको

१ जानेवारी २०१७ रोजी भारतात पहाटेचे साडेपाच वाजण्याच्या बेतात असताना जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. पृथ्वीच्या फिरण्याशी अणुघड्याळांचा मेळ राहावा म्हणून १९७२पासून असे लीप सेकंद अधूनमधून घालतात. हा सत्ताविसावा होता. त्याच क्षणापासून क्लाउडफ्लेअर या कंपनीची डीएनएस सेवा काही सर्व्हरांवर कोलमडू लागली. तिचा प्रोग्रॅम एक साधं काम करत होता. दुसऱ्या सर्व्हरला प्रश्न विचारण्याआधीची वेळ आणि उत्तर आल्यावरची वेळ यांची वजाबाकी करायची आणि कोणता सर्व्हर जास्त चपळ ते ठरवायचं. युनिक्सच्या वेळेत एकसष्टाव्या सेकंदाला जागाच नाही, म्हणून तिथे एक सेकंद मागे येऊन पुन्हा मोजला जातो. परिणामी काही उत्तरं प्रश्न विचारण्याआधीच आल्याचं दिसलं. उणे आलेला तो काळ यादृच्छिक संख्या काढणाऱ्या फंक्शनकडे गेला, आणि ते फंक्शन उणे संख्या घेतच नाही. दुरुस्ती एका अक्षराची निघाली: जिथे ‘शून्य आहे का’ असं तपासलं जात होतं, तिथे ‘शून्य किंवा त्याहून कमी आहे का’ असं तपासायचं.

या प्रकरणावरून ‘संगणकाची घड्याळं अचूक हवीत’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो उलटा आहे. त्या दिवशी क्लाउडफ्लेअरची घड्याळं अचूकच होती. अचूक राहण्यासाठीच तर ती मागे सरकली. बिघडली ती वजाबाकी. सॉफ्टवेअरचा वेग मोजणाऱ्यांची, म्हणजे बेंचमार्क करणाऱ्यांची, गेल्या चाळीसेक वर्षांतली बहुतेक फसगत याच जातीची आहे. ज्या दोषाची भीती बाळगली जाते तो निरुपद्रवी असतो आणि खरा दोष शेजारून निघून जातो.

संगणक एकाच नावाखाली दोन कामं करतो. आत्ता किती वाजले हे सांगणं हे एक, आणि मधे किती वेळ गेला हे सांगणं हे दुसरं. पहिल्या कामासाठी घड्याळ जगाशी जुळलेलं हवं, म्हणून ते अधूनमधून पुढे-मागे करावं लागतं. दुसऱ्या कामाला जगाशी काही देणंघेणं नाही; घड्याळ एका चालीने पुढे जात राहिलं म्हणजे झालं. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली, तर दिवसाला ती पावणेदोन सेकंद होते. गाडी चुकायला एवढं महिनाभरात पुरेसं आहे. बेंचमार्कच्या हिशेबात मात्र ही चूक ०.००२ टक्के, आणि ती तुलनेच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागते. वाण्याचा काटा किलोमागे पाच ग्रॅम कमी दाखवत असेल, तरी दोन पिशव्यांतली जड कोणती हे तो बिनचूक सांगतो. मधेच कोणी पारड्याला बोट लावलं तर नाही.

बोट लावण्याचं काम बहुधा एनटीपी करतं, इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारा तो जुना शिष्टाचार. घड्याळातला फरक थोडा असेल तर एनटीपी त्याची चाल हलकेच कमी-जास्त करतं. लिनक्समध्ये या फेरफाराला दहा लाखांत पाचशे भागांची मर्यादा आहे, म्हणजे ०.०५ टक्के. हेही बेंचमार्कला सहज पचतं. पण फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर गेला आणि तसाच टिकला, तर एनटीपीचा नेहमीचा प्रोग्रॅम घड्याळ एका झटक्यात योग्य वेळेवर आणून ठेवतो. त्या झटक्याच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपलेलं मोजमाप फेकून द्यायच्या लायकीचं. आणि तो झटका बसला हे मोजणाऱ्याला कळत नाही, हे अधिक वाईट. उणे आकडा आला तर निदान संशय येतो. तीन सेकंदांचं काम ३.२ सेकंदांचं दिसलं तर ‘आज मशीन जरा मंद आहे’ म्हणून माणूस पुढे जातो.

उडीशिवाय घड्याळाचे आणखी दोन दोष बेंचमार्कला बाधतात. एक म्हणजे जाडेभरडेपणा. १९८१च्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. हा आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या बरोबर चौपट, कारण संगणक टीव्हीलाही जोडता यावा अशी सोय हवी होती. त्याला तीनने भागून प्रोसेसरची गती मिळे आणि बाराने भागून घड्याळाची. त्यातून सेकंदाला १८.२ ठोके निघत, म्हणजे ठोक्याला ५५ मिलिसेकंद. (त्या टीव्हीपद्धतीशी आपला काही संबंध नव्हता, तरी तिची वारंवारता आपल्याकडच्या पीसींच्या पॉवर मॅनेजमेंटच्या टायमरमध्येही आली.) विंडोजमध्ये हा ठोका सेकंदाला ६४ वेळा पडतो, दर १५.६ मिलिसेकंदांनी. तीन मिलिसेकंदांचं काम अशा घड्याळाने मोजलं तर उत्तर शून्य तरी येतं किंवा १५.६ तरी. एक टक्क्याच्या आत चूक हवी असेल तर ते काम पुन्हा पुन्हा करून एकूण वेळ दीड सेकंदाच्या पुढे न्यावा लागतो. जुन्या मंडळींना हे पक्कं ठाऊक होतं. १९८४चा ड्राय्‌स्टोन हा बेंचमार्क पुढच्या आवृत्तीत दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर निकाल द्यायलाच नकार देतो आणि फेऱ्या वाढवायला सांगतो. कोअरमार्कची अट किमान दहा सेकंदांची आहे.

दुसरा दोष खर्चाचा. घड्याळ पाहायलाही वेळ लागतो. मोजायचं काम पन्नास नॅनोसेकंदांचं आणि घड्याळ पाहण्याची किंमत पंचवीस नॅनोसेकंदांची असेल, तर आपण घड्याळच मोजत बसतो.

हे दोन्ही दोष एका फटक्यात जातील असं १९९३मध्ये वाटलं होतं. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरात टाइम स्टॅम्प काउंटर नावाचा मोजक आला. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला एकने वाढणारी ६४ बिटांची संख्या, आणि ती वाचायला एकच सूचना. कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जायचं नाही, बाहेरच्या चिपला विचारायचं नाही. पुढची काही वर्षं बेंचमार्क करणाऱ्यांच्या चैनीची गेली.

मग लॅपटॉप सर्रास झाले. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर आपली गती कमी-जास्त करू लागले आणि मोजकही त्यांच्याबरोबर मंदावू किंवा वेग घेऊ लागला. ठोक्यांना गतीने भागून वेळ काढणाऱ्यांचं गणित कोसळलं, कारण भागायचं कोणत्या गतीने? २००५मध्ये एएमडीचे दोन कोअरचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर घरोघरी पोचले आणि प्रत्येक कोअरचा मोजक वेगळा, हे लोकांना खेळ खेळताना कळलं. प्रोग्रॅम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की वेळ मागे जाई; पात्रं अडखळत, मधेच पळू लागत. एएमडीला त्यासाठी खास उपयुक्त प्रोग्रॅम काढावा लागला. विंडोज वापरणारे बूटच्या फाइलमध्ये एक शब्द लिहून जुन्या, संथ पण एकमार्गी टायमरकडे परत गेले.

२००८च्या सुमारास इंटेलच्या नेहालेम पिढीपासून मोजक ‘इनव्हेरिअंट’ झाला. प्रोसेसर कितीही वेगाने पळो, झोपो, मोजक एकाच दराने वाढणार. बहुतेक आधुनिक मशीनवर कोअर-कोअरचे मोजकही जुळलेले असतात. घड्याळ म्हणून ही उत्तम बातमी. पण यात एक अर्थबदल झाला तो अनेकांच्या नजरेतून निसटला. हा मोजक आता प्रोसेसरचे ठोके मोजतच नाही. तो वेळ मोजतो. प्रोसेसर टर्बोमध्ये जाऊन दीडपट वेगाने पळत असेल तर खरे ठोके दीडपट झालेले असतात आणि मोजकाला त्याचा पत्ता नसतो. तरी या मोजकाचा फरक छापून त्याला ‘सायकल’ म्हणण्याची सवय टिकून आहे. खरे ठोके हवे असतील तर प्रोसेसरमधले कामगिरीचे वेगळे काउंटर वाचावे लागतात. लिनक्सवर त्यासाठी पर्फ हे साधन आहे.

शिवाय हल्लीचे प्रोसेसर सूचना लिहिलेल्या क्रमाने पाळत नाहीत. घड्याळ वाचण्याची सूचना मोजायच्या कामाच्या आधीच उरकली जाऊ शकते किंवा ते काम अर्धं झाल्यावर. इंटेलच्या गॅब्रिएले पाओलोनी यांनी २०१०मध्ये लिहिलेल्या टिपणात यावरचा उपाय सविस्तर दिला आहे: सुरुवातीच्या वाचनाआधी आणि शेवटच्या वाचनानंतर अशी सूचना घालायची की तिच्या पलीकडे प्रोसेसरला जाता येऊ नये. काही नॅनोसेकंदांचं काम मोजणाऱ्याने ते टिपण वाचल्याशिवाय आकडा छापू नये. मिलिसेकंदांत काम करणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये, असंही माझं मत आहे.

लिनक्स या मोजकावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. कर्नलमधला एक पहारेकरी त्याची दुसऱ्या टायमरशी अधूनमधून तुलना करतो आणि फारकत दिसली की मोजक ‘अस्थिर’ ठरवून एचपीईटीसारख्या बाहेरच्या टायमरकडे वळतो. कर्नलच्या नोंदीत त्याची एक ओळ उमटते, बाकी सगळं पूर्ववत दिसतं. फरक पडतो तो खर्चात. मोजकावरून वेळ वाचणं वीस-पंचवीस नॅनोसेकंदांत होतं, कारण ते कर्नलमध्ये न शिरताच उरकतं. बाहेरचा टायमर वाचायला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागू शकतो. पावलोपावली वेळेची नोंद करणारा डेटाबेस यामुळे खरोखरच मंदावतो. म्हणजे वाईट घड्याळ मोजमाप बिघडवतं एवढंच नाही, मोजली जाणारी वस्तूही बिघडवतं.

याचं गाजलेलं उदाहरण नेटफ्लिक्समधलं. ब्रेंडन ग्रेग यांनी २०२१मध्ये लिहिल्याप्रमाणे, कॅसँड्रा डेटाबेसचे सर्व्हर सेंटओएसवरून उबुंटूवर नेल्यावर मंद झाले. कॅसँड्रात दोष नव्हता, जावात नव्हता. झेन या व्हर्च्युअलायझेशनखाली वेळ वाचणं महाग पडत होतं आणि प्रोसेसरचा बराच वेळ त्यातच जात होता. टाइम स्टॅम्प काउंटर निवडल्यावर ते सुधारले. दोन ऑपरेटिंग सिस्टिमांची तुलना करणाऱ्याने इथे ‘उबुंटू मंद’ असा निकाल दिला असता आणि आकडेही त्याच्या बाजूने असते.

क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे आपला प्रोसेसर आपल्यापुरता नसतोच. यजमान संगणक आपल्याला मधेच थांबवून दुसऱ्याला पाळी देतो. तेवढा वेळ घड्याळात जातो, कामात नाही. लिनक्स या हिरावलेल्या वेळेला स्टील टाइम म्हणतं आणि टॉपसारख्या साधनात दाखवतं, पण यजमानाने ती माहिती पुढे दिली तरच. जुन्या पद्धतीने ठोके मोजणाऱ्या पाहुण्या सिस्टिमांत थांबलेल्या काळातले ठोके साचत आणि मग एकापाठोपाठ एक दिले जात. तेवढ्यापुरतं घड्याळ खरोखर वेगाने पळे. चालू मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवलं गेलं तर काय होईल हे व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपरव्हायझर लिहिणाऱ्यांवर अवलंबून. क्लाउडवर घेतलेल्या दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर वाद घालणारे लेख मी म्हणूनच गंभीरपणे वाचत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी या प्रश्नावर काय केलं, याचा इतिहास उशिरा सुचलेल्या शहाणपणाचा आहे. पॉसिक्स मानकात कधीही मागे न जाणाऱ्या, म्हणजे मोनोटॉनिक घड्याळाची सोय पूर्वीपासून होती. जावाने २००४मध्ये पाचव्या आवृत्तीत नॅनोटाइम दिलं. पायथनमध्ये मात्र २०१२पर्यंत थांबावं लागलं. तोवर टाइम डॉट क्लॉक हे फंक्शन विंडोजवर भिंतीवरच्या घड्याळासारखं गेलेला वेळ सांगे आणि युनिक्सवर प्रोसेसरने खर्चलेला वेळ. एकच बेंचमार्क दोन मशीनांवर दोन वेगळ्या गोष्टी मोजे. व्हिक्टर स्टिनर आणि इतरांच्या पीईपी ४१८ या प्रस्तावाने हा गोंधळ निस्तरला, आणि ते फंक्शन शेवटी २०१९मध्ये ३.८ आवृत्तीत काढून टाकलं गेलं. तरी मोनोटॉनिक म्हणजे सूक्ष्म नव्हे. विंडोजवर पायथनचं मोनोटॉनिक घड्याळ २०२४च्या ३.१३ आवृत्तीपर्यंत १५.६ मिलिसेकंदांच्याच ठोक्याने चालत होतं. पायथनमध्ये बेंचमार्कसाठी पर्फ काउंटर वापरायचं, हा नियम अजूनही कायम.

सी प्लस प्लसने २०११च्या मानकात हाय रिझोल्यूशन क्लॉक असं भारदस्त नाव देऊन नवा सापळा लावला. लिनक्सवरच्या जीसीसीच्या ग्रंथालयात त्या नावामागे साधं सिस्टिम क्लॉक आहे, म्हणजे एनटीपीच्या उडीला उघडं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये २०१५पासून स्टेडी क्लॉक. नाव पाहून निवडणारा फसतो. थेट स्टेडी क्लॉकच वापरावं. गो भाषेने क्लाउडफ्लेअरच्या घटनेनंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, १.९ आवृत्तीत, सर्वांत सुरेख तोडगा काढला: वेळेच्या प्रत्येक मूल्यात तारीख-वेळ आणि मोनोटॉनिक वाचन दोन्ही बरोबर ठेवायचं आणि वजाबाकी करताना दुसरं वापरायचं. जुने प्रोग्रॅम एक ओळही न बदलता सुधारले. रस्टचा अनुभव मात्र कडवट. मोनोटॉनिक घड्याळ मागे जाणार नाही ही हमी ऑपरेटिंग सिस्टिमची, आणि काही हार्डवेअरवर आणि व्हर्च्युअल मशीनवर ती पाळली जात नाही असं दिसून आलं. २०२२पासून रस्ट अशा वेळी प्रोग्रॅम न कोसळवता शून्य कालावधी देतं. व्यवहाराला हे ठीक. बेंचमार्कमध्ये अकारण शून्य दिसलं तर ते शून्य नसून झाकलेला उणे आकडा असू शकतो, एवढं ध्यानात असावं.

मॅकवाल्यांसाठी एक बारीक सूचना. इंटेलच्या मॅकवर यंत्राच्या काळमोजणीचा एक ठोका म्हणजे एक नॅनोसेकंद होता. एम १पासूनच्या मॅकवर तो २४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारे ४१.७ नॅनोसेकंदांचा. रूपांतराचा गुणक न लावता ठोक्यांनाच नॅनोसेकंद समजणारा जुना कोड नव्या मशीनवर सगळं सुमारे बेचाळीसपट वेगवान झाल्याचं आनंदाने सांगतो.

ब्राउझरमध्ये घड्याळ मुद्दाम बिघडवलं गेलं आहे, आणि योग्य कारणासाठी. फार सूक्ष्म घड्याळ मिळालं की एखादं जावास्क्रिप्ट पान कॅशेमधून उत्तर किती लवकर आलं हे मोजून दुसऱ्याची गुपितं ओळखू शकतं. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष उघडकीला आल्यावर फायरफॉक्सने पर्फॉर्मन्स डॉट नाऊ आधी २० मायक्रोसेकंदांपर्यंत आणि मग मिलिसेकंदाच्या घरात भरड केलं. क्रोमने १०० मायक्रोसेकंदांवर नेऊन वर मुद्दाम डळमळ मिसळली. इथे घड्याळ सुधारणं मोजणाऱ्याच्या हाती बहुधा नसतं. काम लांबवणं हाच मुख्य मार्ग उरतो.

आणि तोच मार्ग खरं तर सगळीकडे पहिला आहे. मोजणीला बसण्याआधी घड्याळालाच मोजावं: लागोपाठ लाखभर वाचनं घ्यायची, शेजारच्या दोन वाचनांतला लहानात लहान शून्येतर फरक आणि सरासरी फरक पाहायचा. पहिल्यावरून भरडपणा आणि दुसऱ्यावरून खर्च यांचा चांगला अंदाज येतो, आणि एकही फरक उणे आला तर तिथेच थांबायचं. मग कामाच्या फेऱ्या इतक्या वाढवायच्या की दोन्ही दोष हजारात एक भाग उरतील. जावाचं जेएमएच किंवा पायथनचं टाइमइट यांसारखी साधनं यातलं बरंच आपोआप करतात. घरी लिहिलेला स्टॉपवॉच क्वचितच करतो.

अनेक फेऱ्यांतून कोणता आकडा घ्यायचा यावर तज्ज्ञांत एकमत नाही. टाइमइटचा दस्तऐवज म्हणतो, सर्वांत लहान घ्या; मशीनमधला अडथळा वेळ वाढवतोच, कमी करत नाही, म्हणून किमान आकडा सत्याच्या जवळचा. स्वतःत बंदिस्त, लहानशा कोडसाठी मला हे पटतं. पण या युक्तिवादात एक गृहीतक लपलं आहे: घड्याळ कधी उडी मारत नाही. पुढून मागे आलेली एकच उडी सर्वांत लहान आकडा जन्माला घालते आणि आपण नेमका तोच उचलतो. मध्यक घेणाऱ्याला ती उडी बाधत नाही. सर्व्हरच्या बाबतीत तर किमान आकडा निरर्थकच, कारण वापरणाऱ्याला त्रास होतो तो सर्वांत सावकाश उत्तरांचा. गिल टेने यांनी ज्याला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ म्हटलं तो दोष इथला: मोजणारा प्रोग्रॅम आधीचं उत्तर येईपर्यंत पुढचा प्रश्नच पाठवत नाही, त्यामुळे सर्व्हर थिजलेला असतानाचे शेकडो प्रश्न मोजणीतून गायब होतात. इथे घड्याळ निर्दोष असतं; सुरू कधी करायचं हे चुकलेलं असतं.

दोन पर्यायांची तुलना असेल तर आधी पहिल्याच्या सगळ्या फेऱ्या आणि मग दुसऱ्याच्या, असं करू नये. आलटून पालटून घ्याव्यात. घड्याळाची चाल बदलली, प्रोसेसर तापला, शेजारचं व्हर्च्युअल मशीन जागं झालं, तरी त्याची झळ दोघांना सारखी बसते. एवढ्या स्वस्त उपायाचा एवढा कमी वापर होतो याचं नवल वाटतं.

घड्याळच नको, असंही काही प्रकल्पांनी ठरवलं आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसचे लोक कॅशग्राइंड या साधनाखाली प्रोग्रॅम चालवून प्रोसेसरचा खर्च मोजतात. ते सांगतात की हे आकडे सात किंवा अधिक सार्थ अंकांपर्यंत जसेच्या तसे येतात, तर घड्याळी वेळ एका अंकापलीकडे क्वचित जुळतो. रस्टच्या कंपायलरच्या वेगावर नजर ठेवणारी यंत्रणाही प्रामुख्याने सूचनांची संख्या पाहते. छोट्या छोट्या सुधारणा टिपायला याहून चांगलं साधन नाही. मर्यादाही स्पष्ट आहे: सूचना कमी झाल्या म्हणजे वेळ वाचलाच असं नाही. स्मृतीत विखुरलेला डेटा हुडकणाऱ्या थोड्या सूचना रांगेत वाचणाऱ्या पुष्कळ सूचनांहून जास्त वेळ खातात. रोजच्या पहाऱ्यासाठी मोजणी आणि अंतिम निकालासाठी घड्याळ, ही वाटणी मला योग्य वाटते.

दोन मशीनांमधला एकतर्फी वेळ मोजायचा तर मात्र घड्याळाची अचूकता खरोखर लागते, कारण वजाबाकी दोन वेगळ्या घड्याळांची असते. शक्य असेल तिथे जाऊन-येऊन लागणारा वेळ एकाच घड्याळाने मोजावा. नसेल तर पीटीपीसारख्या काटेकोर शिष्टाचाराला पर्याय नाही. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपली घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. सायबर गुन्ह्यांच्या तपासात नोंदी जुळाव्यात म्हणून ते रास्तच आहे. मात्र पुण्या-मुंबईच्या कुठल्या टीमला वाटत असेल की आपले सर्व्हर सरकारी वेळेशी जुळलेले आहेत म्हणून आपले बेंचमार्क खात्रीचे, तर तसं नाही. जुळवणूक तारखेच्या घड्याळाची आहे आणि बेंचमार्कने त्याच्याकडे पाहायचंच नसतं.

कंपनीच्या अहवालात, प्रबंधात किंवा सभेतल्या सादरीकरणात वेगाचा आकडा छापताना आपण प्रोसेसर, रॅम आणि कंपायलरची नावं देतो. त्याच ओळीत आणखी तीन गोष्टी द्याव्यात: कोणतं घड्याळ वापरलं, त्याचा लहानात लहान ठोका किती आणि एक फेरी किती वेळ चालवली. ज्या तुलनेत या तिन्ही सापडत नाहीत, तिच्यातल्या पाच टक्क्यांच्या आतल्या विजयावर कोणताही निर्णय घेऊ नका.